आई, आधी बेल वाजव

माझ्या सासूबाईंना दाराची बेल मान्य नाही. ती कुरियरवाल्यांसाठी आणि वर्गणी मागायला येणाऱ्यांसाठी असते, असं त्यांचं ठाम मत आहे. आपलं माणूस बेल वाजवत नाही. ते दार ढकलतं, चपला काढता काढता "अगं, आहेस का घरात?" म्हणून विचारतं, आणि उत्तर येईपर्यंत स्वयंपाकघरात पोचलेलं असतं. नाशिकच्या कॉलनीत त्यांनी सगळा संसार असाच केला. तिथं सगळ्यांची दारं दिवसभर सताड उघडी असत, त्यामुळे कुणाची सासू कुणाच्या ओट्यापाशी उभी आहे याची चौकशी करायची पद्धत नव्हती.

सासरे गेल्यावर आम्ही त्यांना कुवेतला घेऊन आलो. त्यांचं नाव चारुशीला. पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून मी त्यांना आईच म्हणते. सालमियातल्या आमच्या इमारतीचे आठही मजले तंतोतंत सारखे आहेत. तीच पिवळट फरशी, तीच तपकिरी दारं, तोच फिनेलचा वास. आम्ही चौथ्यावर राहतो. पहिल्याच आठवड्यात आई खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, कोथिंबीर घेऊन आल्या आणि तिसऱ्यावर उतरल्या. तिथं राहते रत्नागिरीची असमा. ती आतल्या खोलीत नमाज पढत होती. नमाज संपवून बाहेर आली तर एक अनोळखी बाई नाकाला पदर लावून तिचं माशाचं कालवण ढवळत होती.

"कोन हो तुमी?" असमानं विचारलं.

"ते नंतर. आधी गॅस बारीक कर, खाली लागतंय," आई म्हणाल्या.

आई जन्माच्या शाकाहारी. पण लागणारं भांडं बघून गप्प बसणं हे त्यांच्या लेखी मासे खाण्यापेक्षा मोठं पाप. त्या दिवसापासून त्या दोघींचं मेतकूट जमलं. हळूहळू इमारतीलाही सवय झाली. दुसऱ्या मजल्यावरचे इजिप्शियन आजोबा तर आई चुकून आल्या नाहीत तर हारिसकडे, म्हणजे आमच्या इमारतीच्या रखवालदाराकडे, चौकशी करायचे.

या सगळ्याचा त्रास फक्त एका माणसाला व्हायचा. माझ्या नवऱ्याला. परीक्षित तेलशुद्धीकरण कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. हा माणूस घरातून निघताना गॅस दोनदा तपासतो आणि लिफ्टपाशी गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा तपासतो. आमच्या लग्नात त्यानं होमाजवळ वाळूची बादली ठेवायला लावली होती. भटजी अजून तो किस्सा सांगतात.

तर या परीक्षितला कंपनीनं अमेरिकेला जायचं विचारलं. दोन जागा होत्या. ह्यूस्टनला सगळ्या प्लांटच्या सेफ्टीचा प्रमुख, किंवा न्यू जर्सीच्या कचेरीत साधं सल्लागाराचं पद. परीक्षितचा जीव ह्यूस्टनवर होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझा जीव न्यू जर्सीवर होता, कारण तिथं माझी मावसबहीण अक्षदा राहते आणि कोपऱ्यावर ताजा कढीपत्ता मिळतो. मी तोंडानं मात्र "तुझं करिअर आहे, तू ठरव" असं म्हणत होते. हे वाक्य बायको म्हणते तेव्हा नवऱ्यानं सावध व्हायला हवं, पण सेफ्टीच्या अभ्यासक्रमात ते नसावं.

आईंचा एवढाच प्रश्न होता, की त्यांना नेणार का. तिथं त्यांना पाहुण्यांच्या व्हिसावरच येता येणार होतं, सहा-सहा महिने. त्या म्हणाल्या, सहा तर सहा. नाशिकचा फ्लॅट बंद होता आणि कॉलनीतली जुनी माणसं एकेक करून मुलांकडे गेली होती. तिथं त्या चार भिंतींकडे बघत बसणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

आणि मग रुमैथियाचा प्रकार घडला.

परीक्षितच्या एका सहकाऱ्याकडे गणपतीचं दर्शन होतं. रुमैथियात सगळे बंगले उंच कुंपणांचे, एकसारखे वाळूच्या रंगाचे. परीक्षित गाडी लावायला जागा शोधत होता, मी मोदकांचा डबा सावरत होते, आमची मुलगी क्षितिजा फोनमध्ये होती. आई पुढे गेल्या. एका बंगल्याचं बाजूचं दार उघडं होतं आणि बाहेर चपलांचा ढीग. एवढ्या चपला म्हणजे आरतीच असणार, असा हिशेब करून आई आत शिरल्या.

ती दिवानिया होती. कुवेती घरातली पुरुषांची बैठक. संध्याकाळी शेजारीपाजारी, मित्र, नातलग येतात, भिंतीलगतच्या बैठकांवर टेकून गप्पा मारतात. दार त्यासाठीच उघडं ठेवतात. पण कपाळाला हळदीकुंकू आणि हातात जास्वंदीची परडी घेतलेली बाई त्या दारातून आजवर आली नसावी.

आम्ही शोधत शोधत पोचलो तेव्हा आई पांढऱ्या दाढीच्या यजमानाशेजारी, मानाच्या जागी बसल्या होत्या. सगळे पुरुष अदबीनं जरा सरकून बसले होते. एक मुलगा पितळी सुरईतून त्यांच्या हातातल्या इवल्याशा पेल्यात कॉफी ओतत होता. तिकडे पुरे झालं की पेला हलवून दाखवायचा असतो. आईंना ते ठाऊक नव्हतं, आणि दिलेलं नाकारायचं नाही ही त्यांची शिकवण. त्यामुळे मुलगा ओतत होता आणि आई पीत होत्या. त्यांचे डोळे चांगलेच विस्फारले होते.

"नीरजा, गणपती कुठे बसवलाय गं यांनी?" त्यांनी मला विचारलं. "केव्हाची विचारतेय. पण माणसं चांगली आहेत हो."

यजमानांनी आतून त्यांच्या बायकोला बोलावलं होतं. तिनं आईंचे दोन्ही हात धरून ठेवले होते. परीक्षितनं माफी मागायला सुरुवात केली तर म्हातारबाबांनी त्याच्याही हातात पेला दिला. निघताना आम्हाला खजुराचा डबा मिळाला. आईंनी बदल्यात परडी तिथंच ठेवली. जास्वंदी त्या दिवशी कुठल्या देवाला पोचली ते देवालाच माहीत.

मी आणि क्षितिजा गाडीत पोट धरधरून हसत होतो. परीक्षित मात्र पांढराफटक पडला होता. घरी आल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला आणि जेवायलाही उठला नाही.

"आई, टेक्सासमध्ये घरोघरी बंदुका असतात," तो शेवटी म्हणाला. "परका माणूस घरात शिरला आणि घरमालकाला वाटलं आपल्या जिवाला धोका आहे, तर त्यानं गोळी झाडली तरी कायदा बहुतेक वेळा त्याच्याच बाजूनं उभा राहतो. अमेरिकेत माणसं नुसती चुकीच्या दाराशी गेली म्हणून गोळ्या खाऊन पडली आहेत. आत शिरलीसुद्धा नव्हती."

"मी कशाला कुणाच्या जिवावर उठेन?" आई म्हणाल्या.

"ते तुला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?"

"मी सांगेन की. तोंड आहे मला."

मी संधी साधली. "न्यू जर्सीत म्हणे बंदूक घ्यायलासुद्धा पोलिसांचा परवाना लागतो. चौकशी होते, बोटांचे ठसे घेतात," मी आपलं सहज म्हटलं. हे मी आदल्या रात्रीच वाचून ठेवलं होतं. परीक्षितनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ताटं उचलून आत गेले.

त्याचा तोडगा निराळाच होता. कारखान्यात धोका दिसला की हे लोक जागा बदलत नाहीत, माणसाला प्रशिक्षण देतात. त्यानं जाहीर केलं, की आईला शिकवायचं. जमलं तर सगळे ह्यूस्टनला. नाही जमलं तर आईनं नाशिकला राहायचं, आपण सुट्टीत भेटत जाऊ. कंपनीला गुरुवारी रात्रीपर्यंत होकार कळवायचा होता.

"म्हणजे परीक्षाच की," आई म्हणाल्या. त्या हसल्या, पण त्यांचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत राहिला. मला परीक्षितचा तेव्हा भयंकर राग आला. भांडण करायलाही घरात आपलं माणूस लागतं, आणि आईंइतकं चविष्ट भांडण माझ्याशी कुणी करत नाही. त्या गेल्या तर मी काय करणार होते?

रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. परीक्षित आतून दार लावून घ्यायचा. तो टेक्सासचा घरमालक. कमरेला पट्टा, हातात लाटणं. आई बाहेर. नियम असे, की दारावरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, बेल एकदाच वाजवायची, दोन पावलं मागे जायचं, हात समोर दिसतील असे ठेवायचे आणि कुणी 'या' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.

पहिल्या दिवशी आईंनी बेल वाजवली आणि त्याच हातानं दार ढकलून आत आल्या.

"ठो!" परीक्षितनं लाटणं रोखलं.

"अरे, ते पोळ्यांचं लाटणं आहे, ठेव खाली."

दुसऱ्या दिवशी त्या थांबल्या. परीक्षितनं फटीतून दरडावून विचारलं, "कोण आहे?" तर म्हणाल्या, "मी!" परीक्षित म्हणाला, "मी कोण?" त्यावर आई अशा काही दुखावल्या, की त्यांनी रात्री भाजीसुद्धा घेतली नाही. पोटच्या पोरानं 'मी कोण' म्हणून विचारावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. क्षितिजाला या सरावात मदतनीस म्हणून बोलावलं तर ती म्हणाली, "बाबा, धिस इज सो मॉर्बिड," आणि खोलीचं दार लावून बसली. आमच्या घरात दार लावून बसणारी ती एकटीच होती.

पण आई हट्टाला पेटल्या. दुपारी परीक्षित नसतानाही त्या माझ्या देखत सराव करायच्या. देवघरापुढेसुद्धा दोन पावलं मागे उभ्या राहायला लागल्या. असमाकडे जातानाही बेल वाजवून थांबू लागल्या. असमा घाबरून धावत आली, "मावशी, काय झाला? कोन ग्येला?" बेल वाजवून आल्या म्हणजे काहीतरी वाईटच बातमी असणार, असं तिला वाटलं.

मंगळवारी शेवटची परीक्षा. सहाव्या मजल्यावर कुणीतरी नवीन राहायला आलं होतं, आईंच्या अजिबात ओळखीचं नव्हतं. परीक्षित आणि मी जिन्याच्या वळणावर लपलो. आईंनी नंबर वाचला. बेल एकदाच वाजवली. दोन पावलं मागे. हात समोर. परीक्षितनं माझा दंड आनंदानं दाबला.

दार उघडलं. आत एक तरुण सीरियन बाई, केस विस्कटलेले, खांद्यावर तान्हं मूल. ते मूल काळंनिळं होईपर्यंत रडत होतं. आईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा आमच्या वळणाकडे पाहिलं. मग त्यांनी सरळ पुढे होऊन ते मूल त्या बाईच्या हातातून घेतलं, पालथं मांडीवर टाकायला बैठक शोधत आत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळानं रडणं थांबलं. आई बाहेर आल्या त्या अर्ध्या तासानं, साडीला दुधाचा ओघळ.

"पोटात वारा धरला होता," त्या म्हणाल्या. मग परीक्षितचा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "नापास ना?"

 बुधवारी परीक्षितनं नाशिकच्या फ्लॅटचं वीजबिल भरलं, आणि मला कळायचं ते कळलं.

गुरुवारी दुपारी मी शिकवते त्या शाळेतून घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी माझी वाट बघत होत्या. मला म्हणाल्या, "आज तो यायच्या वेळेला मी बाहेर पायरीवर बसते. तू दार आतून लावून घे आणि मिक्सर चालू ठेव. मी बेल वाजवली, कुणी 'या' म्हणालं नाही, म्हणून शिकवल्यासारखी थांबून राहिले. बघू तरी, आईला दाराबाहेर बसलेली बघून त्याला काही वाटतं का."

"आई, हे नाटक झालं."

"त्यानं लाटण्याची बंदूक केली ती काय होती मग?"

 खरं सांगायचं तर मलाही त्याचा चेहरा बघायचाच होता. मी दार लावलं आणि खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली.

परीक्षित रोज साडेपाचला येतो. त्या दिवशी तो आला नाही. रिंग रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. चटणी झाली, दाण्याचा कूट झाला, वाटण्यासारखं काही राहिलं नाही म्हणून मी तांदूळही फिरवले. दाराच्या भोकातून पाहिलं तर आई पायरीवर वर्तमानपत्र टाकून बसल्या होत्या, चेहऱ्यावर ठरवलेलं दुःख. मी दार किलकिलं करून म्हटलं, "आत या हो, उशीर होणारसं दिसतंय." त्यांनी मला हातानंच आत जायला सांगितलं.

पण नाटकाला प्रेक्षक चुकीचे आले. पहिला आला हारिस. म्हातारी बाहेर का बसलीय म्हणून त्यानं खालून स्वतःची खुर्ची आणली. खुर्ची बघून दुसऱ्या मजल्यावरचे इजिप्शियन आजोबा आले, मग सहाव्यावरची सीरियन बाई मूल घेऊन आली. असमाला कुणीतरी सांगितलं, की मावशीला घरात घेत नाहीत. ती कढईतली भजी तशीच ताटलीत घेऊन, आपलं दार उघडं टाकून धावत वर आली. माझ्याकडे जळजळीत कटाक्ष टाकून तिनं आईंना गरम भजं भरवलं. आई दुःखी चेहऱ्यानं खात होत्या. चौथ्या भज्याला दुःख ओसरलं आणि त्या मुलाला टाळ्या वाजवून दाखवू लागल्या. मी मिक्सर बंद करून सगळ्यांसाठी चहा टाकला. दुसरं काय करणार?

एवढ्यात खालून आवाज आला. "नीरजा! चहा!"

आईंची टाळी थांबली. "हा परीक्षितचा आवाज. खालून कसा येतोय?"

पुन्हा आला. अगदी रोजचा, दमलेला, लाडात आलेला आवाज. "आई, तू तरी चहा टाक गं."

आम्ही सगळे जिना उतरलो. असमाचं दार ती टाकून गेली होती तसंच सताड उघडं होतं. आत सोफ्यावर माझा नवरा. बूट-मोजे दाराशी, शर्ट खुर्चीच्या पाठीवर, अंगात बनियन, पाय टीपॉयवर, डोळे मिटलेले. हातात फ्रीजमधली बाटली, अर्धी संपवलेली. टीपॉयवर असमानं झाकून ठेवलेली तळलेल्या बांगड्यांची बशी होती, ती त्यानं पायानं नीट बाजूला सारली होती. तो घरात अगदी तसंच करतो.

आणि ओट्यापाशी असमाचा नवरा जाफरभाई चहा करत होते. ते त्याच्यानंतर दोन मिनिटांनी दुकानातून आले होते. आपल्या सोफ्यावर शेजारी उघडा पडलेला बघून ते ओरडले नाहीत, की त्यांनी त्याला उठवलंही नाही. नंतर मला म्हणाले, "लय दमलेला दिसला वयनी. जागा केला असता तर लाजला असता. म्हटला, चाय पाजू नि मग सांगू."

परीक्षितनं डोळे उघडले. समोर जाफरभाई, हातात कपबशी.

"अरे, जाफरभाई! तुम्ही कधी आलात?" तो सावरून बसला. "बसा ना, उभे का?"

"आलो असाच," जाफरभाई म्हणाले. "साखर किती टाकू?"

परीक्षितनं मग आमच्याकडे पाहिलं. दारात मी, असमा, हारिस, आजोबा, तान्हं मूल, सगळे दाटीवाटीनं उभे. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "नीरजा, आपण पडदे कधी बदलले?"

 परीक्षितची नजर पडद्यावरून भिंतीवरच्या चौकटीतल्या अरबी अक्षरांवर गेली, तिथून बांगड्यांच्या बशीवर, तिथून स्वतःच्या बनियनवर. लिफ्ट तिसऱ्यावर कुणासाठी तरी थांबली होती आणि हा फोनवर बोलत बोलत उतरला होता. ह्यूस्टनच्या साहेबाशीच बोलत होता. आज रात्री होकार पाठवतो, असं सांगत होता. नंबर वाचला नव्हता. बेल वाजवली नव्हती. दार उघडं दिसलं, आत आला.

क्षितिजा आमच्या मागून डोकावली. "बाबा, टेक्निकली यू आर डेड," ती म्हणाली.

मग मात्र फुटलंच. आजोबा भिंतीला धरून हसत होते, असमा पदरात तोंड खुपसून हसत होती, हारिसला काहीही कळलेलं नव्हतं तरी तो सगळ्यांत जास्त हसत होता. मी तर खालीच बसले. वर्षानुवर्षं ज्यानं मला गॅसच्या बटणावरून व्याख्यानं दिली, त्याचं हे रूप बघायला मी पैसे मोजायलाही तयार झाले असते.

एकट्या आई हसल्या नाहीत. जिंकलेल्या तर त्याच होत्या. एवढे दिवस त्यांना लाटण्याच्या बंदुकीनं मारणारा आता स्वतःच सापडला होता. पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खुर्चीवरचा शर्ट उचलला आणि गर्दीतून पुढे होऊन त्याच्या खांद्यावर घातला. लहान मुलाला घालावा तशी त्यांनी एकेक बाही चढवली आणि वरचं बटण लावलं.  मी पाहिलं आणि माझं हसू थांबलं.

जाफरभाईंनी सगळ्यांना चहा पाजूनच सोडलं.

घरी आल्यावर परीक्षितनं लॅपटॉप उघडला.  मग म्हणाला, "आई, ह्यूस्टन नको. न्यू जर्सीला जाऊ. तिथं निदान लोकांच्या हाताशी एवढ्या बंदुका नसतात. तू पण चल आमच्याबरोबर."

मला वाटलं आई पेढे मागवतील. त्या त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

"माझ्यासाठी म्हणून न्यू जर्सीला जात असशील तर नको जाऊस," त्या म्हणाल्या. "मी काय, सहा महिने येईन आणि परत जाईन. मला बेल वाजवता येते आता. मला नाशिकला ठेव, मी राहीन. पण तुला त्या ह्यूस्टनला रोज संध्याकाळी दमून घरी यायचंय. मी आत्ता त्यांच्या दारात उभी होते ना, तेव्हा मला जाफरच्या जागी दुसरंच कुणीतरी दिसत होतं रे."

परीक्षितनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला कळलं असावं, की आपल्याला तिच्यासाठी वाटत होती तीच भीती आता तिला आपल्यासाठी वाटते आहे.  त्यानं ह्यूस्टनला नकार आणि न्यू जर्सीला होकार लिहायला घेतला. पाठवण्याआधी कारण काय लिहू म्हणून त्यानं आम्हाला विचारलं.

"घरगुती अडचण," मी सुचवलं.

"खोटं कशाला लिहायचं?" आई म्हणाल्या. "सरळ लिही, मी दमलो की दिसेल त्या घरात जाऊन झोपतो."

परीक्षित हसला, आणि मग हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्यानं पत्र पाठवलं आणि लॅपटॉप मिटला. "आणि तू? तू येशील ना?" त्यानं विचारलं. आवाज अगदी शाळेतल्या पोरासारखा.

"येणार तर," आई उठत म्हणाल्या. "तुला तुझ्याच भरवशावर सोडू की काय मी?"